हिंदुरावांचा पाय

मुंग्या पहिल्यांदा लीलाबाईंनाच दिसल्या. लेकीला, राजेश्वरीला, बघायला पाहुणे येणार होते, म्हणून त्यांनी सकाळपासून घर धुऊन काढायला घेतलं होतं. पुढच्या खोलीतला पलंग ओढला, तर भिंतीच्या कडेनं काळ्या मुंग्यांची बारीक रांग लागलेली. ती दाराच्या चौकटीवरनं आत आली होती आणि पलंगाखाली ठेवलेल्या हिंदुरावांच्या उजव्या बुटात उतरत होती. डावा बूट शेजारीच होता, पण त्याच्याकडे एकही मुंगी फिरकली नव्हती.

लीलाबाईंनी बूट उलटा करून आपटला. मुंग्यांबरोबर मोजा बाहेर पडला. मोज्याचा तळवा वाळून पापडासारखा कडक झाला होता आणि त्याला वास येत होता. गोडसर वास. साखर कारखान्याकडून वारा सुटला की मळीचा येतो तसा, पण त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं होतं, आणि ते काय आहे हे लीलाबाईंना ओळखायचं नव्हतं.

"अवो," त्यांनी मागच्या दारातनं हाक मारली, "तुमच्या बुटात मुंग्या कशानं झाल्यात?"

हिंदुराव गोठ्यात होते. "चहाची साखर सांडली असंल," ते तिथूनच म्हणाले. "झाडून टाक की."

चहाची साखर बुटात कशी सांडेल, हे लीलाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी मोजा पाणी तापवायच्या चुलीत घातला, बूट फिनेलच्या पाण्यानं पुसला आणि उन्हाला ठेवला. नंतर त्या पाहुण्यांच्या तयारीला लागल्या. पण हाताला तो वास राहिला. हात साबणानं दोनदा धुतले तरी पोह्यांचा कांदा चिरताना तो मधूनच नाकाशी येई.

हिंदुराव पणदऱ्यातले बागायतदार. ऊस, दावणीला जर्सी गाई, गावच्या दूध संस्थेचं चेअरमनपद, आणि बोलण्यात असा वचक की संस्थेच्या मीटिंगला दोन भाऊ भांडत आले तरी त्यांच्यासमोर गप्प बसत. लहानथोर त्यांना आबा म्हणत. माणूस कष्टाळू. घर बांधलं, विहीर पाडली, मुलगा इंद्रजितला इंजिनियर केलं, मुलगी राजेश्वरीला औषधशास्त्राची पदवी घेऊ दिली, आणि हे सगळं आपण पायावर केलं असं ते अगदी शब्दशः मानत. मोटरसायकल होती, पुढं चारचाकी आली, तरी शेताला फेरा चालतच. ऊस तोडून गेल्यावर रानात जे धारदार बुडखे राहतात, त्यांतून ते अनवाणी हिंडत. मजुरांची पोरं बघत राहत. "आबांच्या पायाला काटाच लागत न्हाय," असं पोरं म्हणाली की हिंदुराव मिशीत हसत.

आठ वर्षांमागं त्यांना शुगर निघाली. काही महिने गोळ्या नेमानं घेतल्या, मग कुणी जांभळाच्या बियांची पूड सांगितली, कुणी कारल्याचा रस. गोळ्या कपाटात राहिल्या. त्या दिवसांत पायाला फार मुंग्या यायच्या. रात्री ते पाय झटकत झोपायचे. पुढं मुंग्या कमी झाल्या, आणि एका हिवाळ्यात थांबल्याच.

"बघ," ते लीलाबाईंना म्हणाले होते, "कारल्यानं गेल्या का न्हाय?"

त्यानंतर काटा लागला तरी त्यांना कळेनासं झालं. गरम पाण्याच्या बादलीत पाय घातला तरी चटका बसेना. हिंदुरावांना त्यात वावगं वाटलं नाही. उलट वय होईल तसा माणूस निबर होत जातो, आपण तसे झालो, याचा त्यांना अभिमानच होता.

राजेश्वरीचं स्थळ त्यांची बहीण भामाबाई हिनं आणलं होतं. भामाबाई कोऱ्हाळे बुद्रुकला दिलेली. तिच्या शेजारच्या घरातला मुलगा, दिग्विजय, डॉक्टर झालेला, बारामतीत स्वतःचा दवाखाना. हे ऐकून हिंदुराव आधी खूश झाले.

"कशाचा डॉक्टर?" त्यांनी विचारलं. "हार्टचा?"

"न्हाय. पायाचा."

"म्हंजी हाडाचा."

"हाडाचा न्हाय रं दादा, पायाचाच. सर्जन हाय तो, पन शिक्षान म्होरं घेतलं ते शुगरवाल्याच्या पायाचं. मद्रासकडं जाऊन शिकून आलाय."

हिंदुराव बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "भामा, हार्टवाल्यानं बारामतीत चार मजली हॉस्पिटल बांधलं. हाडवाल्याच्या दारात दोन गाड्या. डोळंवाला, दातवाला, समदं कमवत्यात. पायाच्या डॉक्टरला मिळत काय असंल? पाय दाखवायला कोन जातंय?"

"बघून तर घे," भामाबाई म्हणाली. "इचार की त्यालाच."

पाहुणे दुपारी आले. दिग्विजय, त्याची आई, चुलते आणि सोबत भामाबाई. मुलगा उंच, सावळा, जरा वाकून चालणारा. व्हरांड्यात पांढरी फरशी. सकाळीच पुसल्यामुळं ती आरशासारखी लख्ख झाली होती. हिंदुराव अनवाणी पुढं झाले, हात जोडले, पाहुण्यांना आत आणलं, पाण्याचा तांब्या स्वतः आणायला परत आत गेले, पुन्हा बाहेर आले. दिग्विजय सगळा वेळ मान खाली घालून फरशीकडं बघत होता. मुलगा लाजरा दिसतोय, असं लीलाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांनाही सहज खाली बघावंसं वाटलं.

आबांच्या प्रत्येक फेरीची खूण फरशीवर उमटली होती. डाव्या पावलाचं काहीच नाही. उजव्याचं, अंगठ्याच्या खाली जिथं तळव्याचा उंचवटा असतो तिथं, तपकिरी ओलसर ठिपका. दारापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत, आणि परत. लीलाबाई पदर सावरायचं निमित्त करून वाकल्या आणि हाताला येतील तेवढे ठिपके त्यांनी पदरानं पुसले. वर पाहिलं तर दिग्विजय त्यांच्याकडं बघत होता. त्यानं लगेच नजर काढून घेतली.

राजेश्वरीनं पोहे आणले, चहा आणला. ती बारामतीला एका औषधाच्या दुकानात काम करायची. त्यामुळं दोघांचं दोन मिनिटांत जमलं. कुठल्या गोळ्यांचा तुटवडा आहे, इन्सुलिन ठेवायला गावातल्या लोकांकडं फ्रिज नसतो, असलं काहीतरी ते बोलत राहिले. लीलाबाईंना बरं वाटलं. पोरगी हसत होती.

मग हिंदुरावांनी घसा साफ केला. "डॉक्टर, रागावू नका. पोरीचा बाप हाय, इचारावं लागतं. पायाच्या डॉक्टरला मिळतं किती?"

चुलते अवघडले. दिग्विजयला मात्र या प्रश्नाची सवय असावी. "खर्च जाऊन महिन्याला लाखाच्या आसपास सुटतात, आबा. एखाद्या महिन्यात त्याहून कमी. माझ्याबरोबर शिकलेले जे मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करतात, त्यांना याच्या तिप्पट-चौपट मिळतात."

"मग तुमी का न्हाय करत?"

"पाय कापायला तास लागतो आणि त्याचे पैसे लोक देतात. पाय वाचवायला सहा सहा महिने पट्ट्या कराव्या लागतात. पट्टीचे पैसे द्यायला माणसाला जिवावर येतं. जखम दुखत नसते ना. जे दुखत नाही त्याला कोण पैसे देणार?"

"म्हंजी म्होरं बी असंच?"

"नाही," दिग्विजय म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. "पुढं वाढेल. आत्ता माझ्याकडं साठीची माणसं येतात. दोन वर्षांत चाळिशीची यायला लागलीत. पणदरे, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, कुठल्याही गावात जा, घराआड एक शुगर आहे. दहा वर्षांनी माझ्याकडं भरपूर पैसा असेल, आबा."

हे त्यानं ज्या आवाजात सांगितलं त्यानं लीलाबाईंच्या अंगावर काटा आला. भरभराटीचं बोलणं असं कुणी बोलत नाही. कुणाच्या तरी दहाव्याला बसल्यासारखा तो बोलला होता.

निघायच्या वेळी दिग्विजय हिंदुरावांसमोर खाली बसला. पाया पडतोय असं समजून भामाबाई कौतुकानं हसली, आणि हिंदुरावांनी आशीर्वादाला हात वर केला. दिग्विजयनं त्यांचा उजवा पाय घोट्याशी धरला, अलगद उचलला आणि तळवा उजेडाकडं फिरवला.

सगळ्यांनाच दिसलं. अंगठ्याखाली रुपयाएवढं भोक. कडा पांढऱ्या, फुगलेल्या, भिजलेल्या कागदासारख्या. आणि त्या भोकात, आत रुतून मोडलेला, बाभळीच्या काट्याचा काळा बुंधा.

"आबा, हा काटा कधी लागला?"

"कुठला काटा?" हिंदुराव म्हणाले.

दिग्विजयनं मान वर केली. "हे हाडापर्यंत गेलेलं असू शकतं. आज रविवार आहे, तरी मी दवाखाना उघडतो. आत्ताच माझ्याबरोबर चला. नाहीतर उद्या सकाळी नक्की. यावर चालू नका, आणि काटा घरी काढू नका."

हिंदुरावांनी पाय हिसकून घेतला. चेहरा रागानं लाल झाला होता. दूध संस्थेत कुणाची पाच पैशांची चूक ते अशी चारचौघांत काढत, आज त्यांचीच काढली गेली होती, आणि तीही मुलगी बघायला आलेल्या पोरानं.

"आसं हाय व्हय," ते म्हणाले. "घरोघर जाऊन लोकांचं पाय उचलायचं, तवा कुठं भागतंय. तुमी पोरगी बघायला आलाय का गिऱ्हाईक हुडकायला?"

दिग्विजयच्या आईनं पदर डोक्यावर ओढला आणि ती उठली. तो स्वतः मात्र जाताना लीलाबाईंपाशी थांबला. "काकी, उद्या," एवढंच हळू बोलला.

उद्या कुणी गेलं नाही. हिंदुरावांनी पकडीनं काटा स्वतःच ओढून काढला. तो बोटाच्या पेराएवढा निघाला. लीलाबाईंना दाखवून ते म्हणाले, "बघ, दुखलं बी न्हाय. ह्याचं तो ऑपरेशन करनार हुता." त्यांनी भोकात हळद आणि तेल भरलं, वर फडकं बांधलं. दवाखान्यातून दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा राजेश्वरीनं घेतला. बोलणं झाल्यावर ती मागल्या अंगणात आली आणि आईला म्हणाली, "आई, ते मला विचारत नव्हते. आबांच्या पायाचंच विचारत होते. स्थळाचं राहू दे म्हणाले, पण पायाचं राहू देऊ नका."

लीलाबाईंनी नवऱ्याची मनधरणी केली, एक दिवस उपाशी राहिल्या, भामाबाईला बोलावून सांगायला लावलं. हिंदुरावांचं एकच. "त्याच्या दारात मी जानार न्हाय. म्हनंल, आला बघा पाय घेऊन." दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर, "आता न्हाय. पोरीचं लगीन होऊ दे."

लग्न खरंच ठरलं. इंदापूरकडचं घर, मुलगा शिवम, ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान, माणसं शांत. लग्नाची तारीख मे महिन्यात निघाली, आणि तेव्हापासून हिंदुरावांच्या पायाची गोष्ट घरात बोलायची नाही असं झालं. बाप लंगडतोय, घरात दुखणं आहे, हे इंदापूरला कळलं तर? उद्या पोरीलाही तेच निघेल असं म्हणतील. लीलाबाईंनाही ते पटलं, आणि त्यांचं पटणं हेच पुढं त्यांना सगळ्यात जास्त खात राहिलं.

लीलाबाई नवऱ्याचे मोजे वेगळे धुऊ लागल्या, नंतर धुवायचं सोडून जाळू लागल्या. संध्याकाळी पुढच्या खोलीत धूप घालू लागल्या. पाहुणा आला की आधी खिडक्या उघडत. एप्रिल लागला तसा तो वास धुपाच्या वर येऊ लागला. दावणीच्या गाई हिंदुराव जवळ आले की हुंगत आणि मान वळवत. घरातलं कुत्रं त्यांच्या पायाशी लोळायचं, ते आता दारापलीकडं बसून त्यांच्याकडं बघत राही. पायाचा अंगठा आधी जांभळा झाला, मग वरची त्वचा चकचकीत काळी, वांग्याच्या सालीसारखी. "रगात साकळलंय," हिंदुराव म्हणत. तेही आता फार जोरात म्हणत नसत.

राजेश्वरीनं ते एकदा पाहिलं. फडकं बदलताना ती अचानक खोलीत आली. ती ओरडली नाही. दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, हे दाखवल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

हिंदुरावांनी तिला जवळ बोलावलं. डोक्यावरनं हात फिरवला. "तुझी शप्पत, राजू. लगीन झाल्या झाल्या दुसऱ्या दिवशी. तूच माझ्यासंगं ये. पन आत्ता जर मी हॉस्पिटलात पडलो, तर तुझं कन्यादान कोन करनार? येवढं एक कर माझ्यासाटी."

पोरगी रडली आणि गप्प झाली. तिला बापाचा फार लळा होता.

लग्न इंदापूरच्या एका लॉनवर झालं. ऊन असं की मंडपाच्या कापडातूनही डोक्याला चटके बसत होते. मंडप आणि जेवणाच्या शेडमधला तुकडा उघडा होता, तिथं सिमेंटची फरशी. वऱ्हाडी मंडळी विधीसाठी चपला काढून आलेली, ती त्या तुकड्यावरनं उड्या मारत पळत होती, हसत होती, बायका पोरांना उचलून घेत होत्या. हिंदुराव मात्र त्या फरशीवर उभे राहून व्याह्यांशी बोलत होते. अनवाणी. सावकाश, घाई नसल्यासारखे. उजव्या पायाला पांढरा मोजा, डावा उघडा. व्याही स्वतः या पायावरून त्या पायावर होत होते. शेवटी त्यांनी हसून विचारलं, "आबा, भाजत न्हाय व्हय तुमाला?"

"सवय हाय," हिंदुराव म्हणाले.

लीलाबाई मंडपाच्या खांबाला टेकून बघत होत्या. त्यांना वाटलं, धावत जावं आणि सगळ्यांदेखत त्यांना ओढून सावलीत आणावं. पण अक्षता वाटणं सुरू झालं होतं.

कन्यादानाच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं, नवऱ्याचे दात वाजतायत. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात हिंदुराव थंडीनं कापत होते. त्यांनी अंगावरचा मानाचा शेला गळ्याभोवती घट्ट आवळून घेतला. मुलीचा हात जावयाच्या हातात देताना पळीतलं पाणी इतकं सांडलं की भटजींनी आपला हात खाली धरला. राजेश्वरीनं बापाच्या हाताचा स्पर्श होताच मान वर केली. तो हात तापानं फणफणत होता. तिनं आईकडं पाहिलं. लीलाबाईंनी नजर दुसरीकडं वळवली.

पाठवणी झाली, गाडी फाटकाबाहेर वळली, आणि हात हलवता हलवता हिंदुराव गुडघ्यांवर बसले. पुन्हा उठले नाहीत. इंद्रजितनं आणि आणखी दोघांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. मोजा काढला तेव्हा बरोबर कातडीही निघून आली. काळं आता घोट्यापर्यंत चढलं होतं, आणि वर नडगीवर तांबड्या रेषा निघाल्या होत्या.

"कुठं नेऊ?" इंद्रजितनं विचारलं.

हिंदुराव शुद्धीत होते. डोळे मिटूनच म्हणाले, "त्या पोराकडं."

बारामतीला पोचेपर्यंत सूर्य कलला होता. दिग्विजय दवाखान्याच्या दारातच भेटला. त्यानं स्ट्रेचर स्वतः धरलं. पाय पाहिला, नडगीवरनं बोट फिरवलं, आणि एक शब्दही मागचा काढला नाही. लीलाबाईंना वाटत होतं, त्यानं रागवावं, बोलावं. तसं झालं असतं तर त्यांना हलकं वाटलं असतं.

"आबा," तो हिंदुरावांच्या कानाशी वाकला, "गुडघ्याखालून काढावा लागेल. आजच. जंतू रक्तात गेलेत. थांबलो तर तुम्ही राहणार नाही."

हिंदुरावांनी डोळे उघडले. "तवा आलो असतो, तर?"

दिग्विजयनं पायावरची चादर सरळ केली. खोटं बोलावं की काय असा तो विचार करत असावा. मग म्हणाला, "तेव्हा आतलं थोडं खरवडलं असतं. पाय राहिला असता."

हिंदुरावांनी मान हलवली, जणू संस्थेतला एखादा ठराव मंजूर केला. "काप," ते म्हणाले.

ते वाचले. पंधरवडाभर जीव टांगणीला होता, मग ताप उतरला. दूध संस्थेचं पद त्यांनी स्वतः होऊन सोडलं. लाकडी-रबरी पाय बसवला, कुबडी आली. शेताला फेरा बंद. राजेश्वरी इंदापूरला चांगली नांदत होती. शिवमनं तिला तिथंच औषधाच्या दुकानात काम करू दिलं होतं. पण कितीतरी महिने ती आईशीच बोलायची, बापाशी फोनवर येत नसे. शेवटी दिवाळीला माहेरी आली, त्यांच्या शेजारी बसली, नकली पायाचे पट्टे आवळून नीट केले आणि म्हणाली, "शपथ खोटी खाल्ली नव्हती तुम्ही. उशिराची खाल्ली होती." हिंदुराव तोंड फिरवून बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले.

रस्त्याकडं बघणं हेच त्यांचं काम झालं होतं. व्हरांड्यात खुर्ची टाकून सकाळपासून बसत. पण ते माणसांच्या तोंडाकडं बघत नसत. पायांकडं बघत. उसाच्या ट्रॉल्या, दुधाच्या किटल्या, शाळेचे मास्तर, सगळे समोरून जात, आणि आबांची नजर खाली.

"त्याला हाक मार," ते एकदा लीलाबाईंना म्हणाले. रस्त्यानं एक तरणाताठा माणूस चालला होता, पस्तिशीचा असेल, मोबाइलवर बोलत. "त्याची चप्पल बघ."

लीलाबाईंनी पाहिलं. माणसाची एक चप्पल दहा-पंधरा पावलं मागं रस्त्यात पडली होती. तो एका पायात चप्पल, एक पाय उघडा, तापलेल्या डांबरावरनं तसाच बोलत पुढं जात होता. त्याला पत्ताच नव्हता.

असे गावात पुष्कळ निघाले. कधी महिन्यात एक, कधी आठवड्यात दोघं. हिंदुराव बोलावत, खुर्चीत बसवत, स्वतःची विजार वर करून, नकली पाय सोडून खुंट दाखवत, आणि दिग्विजयचा पत्ता देत. काही जात. बरेचसे हसून, "बघू की आबा, एवढा सीझन होऊ द्या," म्हणून निघून जात. तेव्हा आबांचा चेहरा असा होई की लीलाबाई आत निघून येत.

खुंटाच्या आणि उरलेल्या पायाच्या तपासणीला दोघं नेमानं बारामतीला जात. दवाखाना वाढला होता. शेजारचा गाळा घेतलेला, खुर्च्या पुरत नव्हत्या, जिन्यावर माणसं बसलेली, प्रत्येकाच्या पायाला काहीतरी गुंडाळलेलं. इंदापूरलाही दिग्विजय आता आठवड्यातून दोन दिवस बसू लागला होता. त्याचं लग्न झालं होतं, कानशिलावर केस पांढरे दिसू लागले होते.

"काय डॉक्टर," हिंदुरावांनी एकदा विचारलं, "आता मिळतं का बरं?"

त्यात टोमणा नव्हता. दिग्विजयला ते कळलं. डाव्या पायाची बोटं एक एक करून तपासत तो म्हणाला, "मिळतं, आबा." मान वर केली नाही. "तुम्हाला दहा वर्षं सांगितली होती. तेवढी लागली नाहीत."

त्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. लीलाबाई गोठ्यातून दुधाची बादली घेऊन आल्या. सकाळचं कोवळं ऊन अंगणात पसरलं होतं, हिंदुराव नेहमीसारखे खुर्चीत. लीलाबाई पायरी चढून वर आल्या आणि काहीतरी सांगत होत्या, गाभण गाईचं असेल. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की नवरा ऐकत नाही. तो त्यांच्या पायांकडं बघत होता.

"तुझी चप्पल कुठं हाय?" हिंदुराव म्हणाले.

लीलाबाईंनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा, शेणानं माखलेला. मागं अंगणात, गोठ्याच्या अर्ध्या वाटेवर, त्यांची डावी चप्पल चिखलात रुतून उभी होती.

"निसटली असंल," त्या म्हणाल्या. "चिखूल किती झालाय. मला कळलं हुतं, हातात बादली म्हनून न्हाय उचलली."

"लीला."

"खरंच कळलं हुतं."

हिंदुरावांनी कुबडी ओढली, उठले, आणि लीलाबाई नको नको म्हणत असताना पायऱ्या उतरले. चिखलातनं सावकाश जाऊन त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, वाकता येईना, तेव्हा कुबडीच्या टोकानं चप्पल उचलली आणि तशीच आणली. पायरीवर ठेवली. मग खिशातून फोन काढला.

"आज नगं," लीलाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "आज राजू यायची हाय. उद्या जाऊ. उद्या नक्की जाऊ."

हिंदुरावांनी फोन कानाला लावला होता. पलीकडं घंटी वाजत होती, ती लीलाबाईंनाही ऐकू येत होती. लीलाबाईंनी बादली खाली ठेवली आणि डावा पाय लुगड्याच्या घोळात ओढून घेतला.